मँचेस्टरचा उन्हाळा

गेल्या उन्हाळ्यांत नोकरीनिमित्त आम्हां उभयतांस मँचेस्टर येथें राहण्याचा योग आला. पांच दिवस काम व शनिवार-रविवारीं भ्रमंती, असा क्रम असे. लेक डिस्ट्रिक्टचीं सरोवरें पाहून नेत्र निवाले. परंतु आम्हां सोलापूरकरांचें मन गुंतलें तें स्टायल गांवच्या सूतगिरणींत. १७८४ सालीं सॅम्युएल ग्रेग यांनीं स्थापिलेली ही गिरणी आज संग्रहालय आहे. यंत्रांबरोबरच तेथें राबणाऱ्या निराधार बालकांचें वसतिगृहहि जतन केलें आहे. वैभवामागचे कष्ट लपविलेले नाहींत. आमच्या सोलापुरांत १८७७ सालीं सुरू झालेल्या जुन्या गिरणीचा भोंगा मात्र आतां वडीलधाऱ्यांच्या बोलण्यांतच उरला आहे. वाचकहो, ज्यांच्या घरीं असे वडीलधारे असतील, त्यांनीं त्या आठवणी वेळींच लिहून ठेवाव्यात.