त्यांचे कान, आपले कान

चर्चगेट लोकलची धक्काबुक्की सोडून मी चारकोपला नोकरी धरली, तेव्हा आईला कोण आनंद झाला! घरापासून रिक्षाने दहा मिनिटं. इंडस्ट्रियल इस्टेटमधला छोटासा गाळा, इमिटेशन ज्वेलरीचा एक्सपोर्ट आणि मी ‘कम्प्लायन्स एक्झिक्युटिव्ह’. म्हणजे नक्की काय, हे नातेवाइकांना अजून समजावता आलेलं नाही.

सोप्पं करून सांगते. युरोपात कानातलं विकायचं तर ‘रीच’ हा कायदा पाळावा लागतो. २००७ पासून तो अमलात आहे. दागिन्याच्या धातूत कॅडमियम ०.०१ टक्क्याहून कमी, शिसं ०.०५ टक्क्याहून कमी. टोचलेल्या कानात जाणाऱ्या दांडीतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅमहून कमीच निकेल सुटायला हवं. चक्क नकली घामात आठवडाभर बुडवून मोजतात! जर्मनीत थेट गिऱ्हाइकाला कुरियर करायचं, तर २०१९ पासून पॅकिंगचीही नोंदणी लागते. अगदी पहिल्या खोक्यापासून.

गेल्या वर्षी आमचा बाराशे जोडांचा लॉट फेल झाला. सोनेरी पॉलिशखाली नेहमीसारखं निकेल चढवलं होतं. चकाकी मस्त येते ना! मी घाबरत रिपोर्ट पुढे केला. शेठ म्हणाले, “टेन्शन मत लो, लोकल में निकल जाएगा.” मी मान डोलावली. फाइल बंद.

महिन्याभराने धाकट्या बहिणीचा कान सुजला. लाल, खाज, पाणी. स्टेशनबाहेरून पन्नास रुपयांत घेतलेले झुमके. डॉक्टर म्हणाले, निकेलची अ‍ॅलर्जी. एकदा झाली की जन्मभर साथ देते. झुमके आमच्याच लॉटमधले होते का? कसं कळणार! त्यांना थोडाच रिपोर्ट असतो?

रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी शेठना विचारलं, “उरलेल्या मालाच्या दांड्या बदलल्या तर?” त्यांनी कॅल्क्युलेटर काढला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कॅल्क्युलेटरकडे पाहिलं. शेवटी “करवा लो” म्हणाले. पण निम्मा माल कधीच बाजारात गेला होता.

बहिणीला मी एक्सपोर्टचा सॅम्पल जोड दिला, रिपोर्टसकट. ती हसून म्हणाली, “ताई, कानातलं घ्यायला मी आता बर्लिनला जायचं का?”

मीही हसले. पण कांदिवलीच्या प्लॅटफॉर्मवर मुलींचे झुमके दिसले, की अजून नजर चुकवते.