धामापूरचें तळें व नवे गुरुजी

कुडाळ स्थानकावर उतरून नेरूरपारच्या पुलावरून कर्ली नदी ओलांडली आणि काळसें गांव मागें टाकलें, म्हणजे मालवणच्या वाटेवर धामापूर लागतें. डोंगरांच्या बेचक्यांत बांध घालून अडविलेलें विस्तीर्ण पाणी, कांठीं भगवतीचें देवालय आणि सभोंवार दाट झाडी, असें या स्थळाचें रूप आहे. विजयनगरच्या राज्याचे मांडलिक नागेश देसाई यांनीं सन १५३० मध्यें हा तलाव बांधविला, असें सांगतात. सन २०२० मध्यें आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिःसारण आयोगानें जागतिक वारशाच्या सिंचन-वास्तूंत त्याची गणना केली.

या तळ्याची एक आख्यायिका त्या भागांत सर्वतोमुखीं आहे. गरिबाघरीं लग्नकार्य निघालें, कीं परडींत फुलें घालून ती पाण्यांत सोडावी आणि देवीच्या कृपेनें तींत सोन्याचे अलंकार यावे. कार्य उरकतांच ते जसेच्या तसे परत करावे. पुढें कोणा एकास लोभ सुटला, त्यानें अलंकार परत केले नाहींत, आणि देवीचें देणें कायमचें थांबलें.

आम्ही गेल्या कार्तिकांत येथें चार दिवस मुक्कामास होतों. ज्याचा जन्म खडू-फळ्याशीं गेला, त्याची पावलें देवदर्शनानंतर शाळेकडे वळावयाचींच. तेथें पांच महिन्यांपूर्वीं रुजू झालेल्या एका तरुण गुरुजींशीं आमचा परिचय झाला. ते मूळचे बीड जिल्ह्यांतले. समुद्र त्यांनीं नोकरीच्या निमित्तानें प्रथमच पाहिला, आणि मालवणी बोलीही प्रथमच ऐकिली.

पहिल्या आठवड्याची हकीकत त्यांनीं सांगितली ती अशी. एक मुलगा उभा राहून म्हणाला, "गुरुजी, पेन्सिल गावक नाय." गुरुजींस वाटलें, पेन्सिल गांवीं राहिली असावी. वस्तुतः 'गावणें' म्हणजे सांपडणें. पेन्सिल सांपडली नाहीं, इतकेंच तो सांगत होता. एका मुलीस वडिलांविषयीं विचारलें, तेव्हां ती म्हणाली, "बापूस येवक नाय." वडील यावयाचे नाहींत, असा गुरुजींनीं अर्थ घेतला, तिचें म्हणणें, ते अजून आले नाहींत. मुंबईच्या मिळकतीवर ज्या प्रांतांतलीं किती तरी घरें चाललीं, तेथें या दोन अर्थांत केवढें अंतर आहे, हें सांगावयास नको.

वर्गाबाहेर हीं मुलें अखंड बोलत आणि वर्गांत येतांच मुकीं होत. अशा मौनास मंदबुद्धि म्हणावयाचें, हा आपल्या शाळांचा जुना परिपाठ आहे. तो शिक्का एकदां बसला, म्हणजे मूल पुढें स्वतःही तो खरा मानूं लागतें.

या गुरुजींनीं मात्र शिक्का उचलण्यापूर्वीं वही उचलली. मधल्या सुट्टींत मुलांनीं शब्द सांगावे, आणि त्यांनीं ते लिहून घ्यावे. 'खय' म्हणजे कोठें, 'माका' म्हणजे मला, 'आवस' म्हणजे आई, 'गजाल' म्हणजे गोष्ट. गुरुजींचा उच्चार चुकला म्हणजे मुलें पोट धरून हंसत व पुनःपुन्हां म्हणवून घेत. पंधरा दिवसांत वर्गाचें तोंड उघडलें.

ती वही चाळतांना आम्हांस एक मौज दिसली. तिसरीच्या मुलांच्या लेखनांत 'घर पडला', 'काम झाला' अशीं वाक्यें येत. आमच्यासारख्या जुन्या मास्तराची तांबडी पेन्सिल तेथें लिंगदोष म्हणून चालली असती. परंतु मालवणींत पुल्लिंग ओकारान्त असतें: 'घोडो पडलो', 'आंबो पडलो', आणि 'पडला' हें तेथलें नपुंसकलिंगच आहे! म्हणजे मुलास लिंगविवेक पक्का आहे, केवळ प्रत्यय निराळा आहे. आणि हा ओकार कांहीं गांवढळ नव्हे. संस्कृत 'घोटकः' याचें प्राकृतांत 'घोडओ' झालें, त्याचेंच हें 'घोडो'. महाराष्ट्री प्राकृतांत अकारान्त पुल्लिंगी नामाची प्रथमा ओकारान्तच होती. ज्या रूपास आपण अशुद्ध म्हणून हंसतों, तें आपल्या 'घोडा' या रूपाहून त्या प्राचीन भाषेस अधिक जवळचें आहे.

घरची भाषा एक व शाळेची दुसरी, हा प्रयोग अन्यत्र बुद्धिपुरःसरही झालेला आहे. कॅनडा देशांत मॉन्ट्रिअलनजीक सेंट लँबर्ट नांवाचें उपनगर आहे. तेथील इंग्रजी बोलणाऱ्या पालकांच्या आग्रहावरून सन १९६५ मध्यें बालवर्गापासूनच मुलांस सर्व कांहीं फ्रेंचमधून शिकविण्यास आरंभ झाला. पोहावयास शिकणाऱ्यास पाण्यांत सोडावें तशी ही रीत. हिला निमज्जन म्हणावें. मॅकगिल विद्यापीठाचे वॉलेस लँबर्ट व रिचर्ड टकर यांनीं त्या मुलांचा कित्येक वर्षें अभ्यास करून सन १९७२ मध्यें ग्रंथ प्रसिद्ध केला. मुलें फ्रेंच उत्तम शिकलीं आणि त्यांची इंग्रजीही उणावली नाहीं, असें त्यांस आढळलें.

हें वाचून कोणी म्हणेल, मग मालवणी मुलासही प्रमाण मराठींत सोडून द्यावें, तेंही तरेल. परंतु त्या यशामागें दोन आधार होते. मुलाच्या इंग्रजीस घरीं व बाजारांत पूर्ण मान होता, आणि कांहीं इयत्तांनंतर शाळेंतही तिला स्थान मिळे. शिवाय शिक्षक फ्रेंच बोले, तरी मुलाची भाषा त्यास समजे. आरंभीं मूल इंग्रजींत उत्तर देई, तें तो ऐकून घेई. मालवणी मुलाच्या बोलीस मान आहे तो रंगभूमीवर. गंगाराम गवाणकर यांचें 'वस्त्रहरण' सन १९८० मध्यें आलें, आणि अवघ्या महाराष्ट्रानें त्या बोलीस टाळ्या दिल्या. मात्र तीच बोली मुलाच्या तोंडून वर्गांत आली, कीं तिला चूक म्हणतात. शक्य तोंवर मातृभाषेंतून शिकवावें, असें २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा सांगतो आणि २०२० चें राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही. कागदोपत्रीं तें येथें साधलेंच आहे, कारण माध्यम मराठी आहे. उरलेलें अंतर कायद्यास दिसत नाहीं. तें शिक्षकानेंच कापावयाचें असतें. म्हणून खरें निमज्जन प्रथम नव्या गुरुजींचें व्हावें, मागाहून मुलांचें.

येथें एक अडचण आहे, ती झांकून चालणार नाहीं. सिंधुदुर्गांत परजिल्ह्यांतून आलेले अनेक शिक्षक आपल्या प्रांतीं बदली व्हावी म्हणून अर्ज करतात. वृद्ध मातापितर तिकडे, शेतवाडी तिकडे. त्यांस दोष कोणीं द्यावा? परंतु बोली कानांत मुरावी आणि गुरुजींनीं जावें, नवे यावे आणि वर्गानें पुन्हां मुकें व्हावें, यांत जातें तें मुलाचें बालपण. आमच्या या स्नेह्यांनींही अर्जाचा विचार केला आहे. त्यांस आम्हीं उपदेश केला नाहीं. इतकेंच सुचविलें, कीं गेलांत तरी ही वही शाळेंतच ठेवून जा. मुलांकडून घेतलेले शब्द हे परडींतल्या अलंकारांसारखे आहेत. ते परत केले, तरच पुढच्यास मिळतील.

आमच्या वाचकांच्या घरींही आजी एक मराठी बोलते, सून दुसरी आणि नातू शाळेंतून तिसरीच भाषा घेऊन येतो. आजीचा शब्द ऐकून नातू हंसला, तर त्यास दटावूं नये. त्या शब्दाचा अर्थ आजीसच विचारावयास सांगावें. शब्द विचारणाऱ्याशीं माणूस मोकळेपणानें बोलूं लागतो, हें धामापूरच्या पोरांनीं आपल्या गुरुजींस शिकविलें.