दोनच्या आकड्यावरचा हात

आमच्या गाडीचं स्टिअरिंग घड्याळ समजलं, तर दोनच्या आकड्यावर त्याला टक्कल पडलं होतं. बाकीचं चामडं काळं, तेवढाच वीतभर पट्टा राखाडी आणि कडेला पापुद्रे. डावा हात गिअरवर, उजवा त्या जागी, असा मी तेरा वर्षं येरवडा ते शिवाजीनगर गेलो आणि आलो. गुंजन चौकात सिग्नल लागला की अंगठा आपोआप तिथे घासत राहायचा.

दादा, म्हणजे माझे वडील, एसटीत ड्रायव्हर होते. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ला धावली ती नगर-पुणे रस्त्यावर, म्हणजे आमच्या येरवड्यावरून. दादांची नोकरीही बरीचशी याच रस्त्यावर गेली. ती पहिली गाडी जणू आपणच आणली, अशा थाटात ते ही तारीख सांगत. खरं तर त्या वर्षी ते पाळण्यात होते. त्यांच्या बसचं स्टिअरिंग परातीएवढं आणि कडक. पॉवर स्टिअरिंग वगैरे चैन नाही. डेपोत गाडी वळवायची तर अंग सीटवरून उचलून जोर लावायचा. दादांच्या तळहातांवरचे घट्टे लहानपणी मी नखाने टोकरून बघायचो, त्यांना काही कळायचं नाही. ड्यूटी संपली की खांद्यावरचं फडकं ओलं करून ते चाक पुसायचे आणि मगच खाली उतरायचे. दुसऱ्या ड्रायव्हरला गाडी तशीच दिली तर काय होतं, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, “जेवलेलं ताट तसंच दुसऱ्यापुढे सरकवतोस का?”

पुढे मी सेकंडहँड प्रीमियर पद्मिनी घेतली. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या मानेवर, चाक कडक प्लास्टिकचं. त्यावर रेक्झिनचं कव्हर चढवून दोरीने आवळून घेतलं. उन्हाळ्यात ते तापायचं, पावसाळ्यात कुबट वास यायचा. २०११ साली नवी गाडी आली ती कंपनीतूनच चामडं चढवलेल्या स्टिअरिंगची. दादांनी त्यावर हात फिरवला आणि एवढंच म्हणाले, “जनावराचं आहे. सांभाळ.”

सांभाळण्याच्या नावाखाली मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. पहिल्याच वर्षी खोबरेल चोळलं. यामागे घराण्याची परंपरा होती. आमचं गाव शिरूरकडचं, आजोबांची विहिरीवर मोट होती. मोटेचं कातडं वाळून तडकू नये म्हणून तिला करंजेल पाजायचे. ‘लावायचे’ नाही, ‘पाजायचे’ हाच दादांचा शब्द. मोट ते तेल खरोखर प्यायची, कारण ते बाभळीच्या सालीत कमावलेलं उघडं कातडं. गाडीच्या चामड्याची गोष्ट वेगळी. ते बहुधा क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं असतं, त्यावर रंग आणि रंगावर पॉलियुरेथेनचा पारदर्शक पापुद्रा. तेलाला आत जायला वाटच नाही. ते वर बसून राहतं, धूळ धरतं. एका सकाळी गुंजन चौकात वळताना चाक हातातून निसटलं, शेजारचा रिक्षावाला जे बोलला ते इथे लिहिता येणार नाही. तेवढ्यावर खोबरेल सुटलं.

मग बूटपॉलिश आलं. ते टिकलं दोन दिवस, स्टिअरिंगवर कमी आणि माझ्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर जास्त. डॅशबोर्ड चमकवायचं सिलिकॉनचं औषधही मारून झालं. त्याने चाक आरशासारखं दिसलं आणि पुन्हा तितकंच निसरडं झालं. हे औषध विकताना दुकानदाराने स्टिअरिंगला लावू नका म्हणून सांगायला हवं होतं. २०२०मध्ये सॅनिटायझर आलं. गाडीत बसलं की हातावर घ्यायचं आणि ओल्या हाताने चाक धरायचं. अल्कोहोलने वरचा पापुद्रा मऊ पडून उतरत गेला, आणि महिन्याभरात तळहाताला काळा रंग लागू लागला.

शेवटी नाना पेठेत सीटकव्हरं शिवणाऱ्या एका चाचांकडे गेलो. चामडं बदलून घ्यायची तयारी ठेवूनच. त्यांनी स्टिअरिंगकडे पाहिलंच नाही.

“आधी हात दाखवा, साहेब.”

उजव्या अनामिकेत पोवळ्याची अंगठी होती. तिच्या कोंदणाने वर्षानुवर्षं चामडं खरवडलं होतं. एका ज्योतिषाने हात बघून अंगठी घालायला लावली, दुसऱ्या माणसाने हात बघून ती काढायला लावली. दुसऱ्याचं निदान जास्त खरं निघालं. मग चाचांनी चाकाच्या खालच्या, चकचकीत भागावर बोट ठेवलं. “आणि ही चमक चामड्याची नाही. हा तुमचा घाम. नवं चामडं चमकत नाही.”

मी तेरा वर्षं त्या चमकेवर खूष होतो.

शिवण शाबूत होती, चामडं फाटलेलं नव्हतं, म्हणून त्यांनी ते बदलू दिलं नाही. कोमट पाण्यात सौम्य साबणाचे चार थेंब घालून नुसता फेस स्पंजावर घेतला. शिवणीत दात घासायचा जुना मऊ ब्रश. हॉर्न आणि बटणांच्या बाजूला पाणी जाऊ दिलं नाही, आत एअरबॅग असते. फडक्यावर मातकट मळ उतरत राहिला. चांगल्या पाण्याने पुसून, सावलीत वाळवून मग टकलाची पाळी आली. स्पिरिटचा हात, बारीक पॉलिश पेपर हलका फिरवला, पाण्यातला रंग स्पंजने पातळ-पातळ चार वेळा, आणि शेवटी बिनचमकीचा संरक्षक थर. दोन थरांमध्ये ते चहा प्यायचे. घाई केली तर रंग सालपटतो, म्हणाले.

दादा आता नाहीत. त्यांनी औषध, तेल, पॉलिश काहीच कधी लावलं नाही. फक्त दिवसाचा घाम त्याच दिवशी पुसला. मी वर्षानुवर्षं चामड्याला काहीतरी द्यायच्या मागे होतो, काढून घ्यायचं मनात आलं नाही. आता डिकीत एक फडकं असतं. घरी आलो की ओलं करून, घट्ट पिळून, एकदा फिरवतो. उन्हात गाडी लावायची तर तेच सुकं फडकं चाकावर टाकून ठेवतो. नवा रंग जुन्यापेक्षा किंचित गडद आहे, उन्हात नीट दिसतो.

तुम्हीही पुसणार असाल तर फडकं पांढरं घ्या. मातकट उतरतंय तोवर पुसा. निखळ काळं दिसलं की तो मळ नव्हे, रंग आहे. तिथे हात थांबवा. आणि अंगठी काढून ठेवा.