दुसऱ्या रांगेतला माणूस

रात्री उशिरापर्यंत अॅलन विन जोन्सच्या जुन्या मॅचेस पाहत बसलो. वेल्सकडून 158 कसोट्या, ब्रिटिश अँड आयरिश लायन्सकडून 12. एकूण 170. इतक्या कसोट्या रग्बीत त्याच्याआधी कुणीच खेळलं नव्हतं. रिची मॅकॉचा 148 चा विक्रम त्याने 2020 मध्ये मागे टाकला.

मला मोह पडतो तो त्याच्या जागेचा. लॉक म्हणजे स्क्रममधली दुसरी रांग. पुढच्यांच्या कमरांमध्ये डोकं खुपसायचं, कान सोलवटून घ्यायचे आणि मागून सगळा जोर लावायचा. चेंडू दुसराच कुणीतरी घेऊन पळतो, टाळ्याही त्यालाच. सतरा वर्षं हे काम आनंदाने करणाऱ्याबद्दल मला फार आदर वाटतो.

जून 2021. मरेफील्डवर जपानविरुद्ध सुरुवातीच्याच मिनिटांत त्याचा खांदा निखळला. लायन्सचा कर्णधार दौऱ्याआधीच घरी! वय पस्तीस. संपलंच, असं मीही धरून चाललो होतो. आणि जेमतेम महिन्याभरात केपटाऊनच्या रिकाम्या स्टेडियममध्ये पहिल्या कसोटीत तोच संघाच्या पुढे. लायन्स 22-17 ने जिंकले. मालिका पुढे हातची गेली, पण तीनही कसोट्या तो खेळला.

एवढ्या घाईने परतणं शहाणपणाचं होतं का? शरीराचा विचार केला तर नसेलही. तरी त्या दिवशी त्याला मैदानात उतरताना पाहून माझा गळा दाटून आला होता, आणि आजही आला.