लग्नातला बँड

आमचे अब्बा दर्जी. दुकानातल्या रेडिओवर नौशादसाहेबांचे गाणे लागले की मशीनवरचा त्यांचा पाय आपोआप थांबे. रात्री जेवणे उरकली की ते पेटी काढून बसत. ‘शेजारी काय म्हणतील?’ हा अम्मीचा धाक. म्हणून भाता अगदी हळू ओढत.

नौशादसाहेबांच्या लग्नाचा किस्सा त्यांनी आम्हाला शंभरदा ऐकवला असेल. ‘रतन’ 1944 साली आला आणि त्याची गाणी गल्लोगल्ली पोचली. पण लखनौला लग्न ठरवताना मुलीकडच्यांना सांगितले गेले की मुलगा मुंबईत शिवणकाम करतो. गाणेवाल्याला कोण मुलगी देणार? वरातीत बँड मात्र ‘रतन’चीच गाणी वाजवत होता आणि नवरदेव गप्प होता. नौशादसाहेब पुढे हे स्वतःच हसत सांगत. अब्बाही हसत आणि म्हणत, “बघा, आमच्या धंद्याची इज्जत केवढी!”

लहानपणी मला हा किस्सा गमतीचा वाटे. आता वाटत नाही.

1919 साली लखनौत जन्मलेला हा मुलगा वाद्यांच्या दुकानात काम करता करता चोरून पेटी शिकला. वडिलांनी घर किंवा गाणे, यांतले एक निवडायला सांगितले. 1937 साली तो मुंबईला आला. दादरला ब्रॉडवे थिएटरसमोरच्या फुटपाथवर झोपला. दुसऱ्यांच्या हाताखाली तुटपुंज्या पगारावर वाजवत राहिला. 1940 साली ‘प्रेमनगर’ मिळाला. 1952 साली ‘बैजू बावरा’ त्याच ब्रॉडवेमध्ये लागला. समोरचा रस्ता ओलांडायला पंधरा वर्षे लागली! त्या चित्रपटातले मालकंसमधले भजन शकील बदायुनींनी लिहिले, रफीसाहेबांनी गायले, चाल नौशादसाहेबांची. आपल्या देशाची ओळख मुलांना सांगायची, तर याहून चांगला धडा मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडलेला नाही.

पुढे ‘मदर इंडिया’, ‘मुघल-ए-आझम’. गुलाम मोहम्मद एके काळी त्यांचे सहायक. ते 1968 साली वारले, तेव्हा ‘पाकीझा’चे राहिलेले काम नौशादसाहेबांनी पुरे केले. चित्रपटांचा जमाना बदलला, तरी ते थांबले नाहीत. 1990 साली दूरदर्शनवर टिपू सुलतानची मालिका सुरू झाली, तिचे संगीत त्यांचेच. मी तेव्हा तीन वर्षांची. अम्मी सांगते, मालिकेच्या वेळी अब्बा दुकान बंद करून शेजाऱ्यांच्या टीव्हीपुढे बसत. 1981चा दादासाहेब फाळके पुरस्कार आणि 1992 साली पद्मभूषण असे सन्मान त्यांना मिळाले. ‘ताजमहाल’ हा शेवटचा चित्रपट 2005 साली आला. 5 मे 2006 रोजी ते गेले. पासष्ट वर्षांच्या कारकिर्दीत चित्रपट साठांहून थोडेच अधिक. पण घाईत उरकलेले काम नाही.

आता माझी गोष्ट. माझे बी.एड. झाले आणि स्थळ आले. पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी अम्मीने अब्बांची पेटी चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकली. पाहुण्यांनी विचारले, “अब्बा काय करतात?” मी म्हणाले, “दर्जी आहेत.” ते खरेच होते, पण पुरते खरे नव्हते. अब्बा मान खाली घालून चहा पीत राहिले. निकाह झाला. पेटी पुन्हा खाली आली नाही. अब्बांनी ती मागितली नाही, मीही विचारले नाही.

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनासाठी मी आठवीतल्या एका मुलाचे नाव लिहिले. बेंजो सुरेख वाजवतो. त्याचे मामू बँडपार्टीत आहेत. दुसऱ्या दिवशी वडील शाळेत आले. “टीचर, नाम काट दो.” मी नौशादसाहेबांचे सगळे सांगितले. ते शांतपणे म्हणाले, “नौशाद एकच होतो, टीचर. बाकीचे बँडवालेच राहतात. आमच्या मेव्हण्याला अजून मुलगी मिळाली नाही.”

मला उत्तर सुचले नाही. मी नाव खोडले.

गाणे-बजावणे जायज की नाजायज, यावर आलिमांमध्ये मतभेद आहेत. तो निवाडा करणारी मी कोण? मला सलतो तो आपला दुटप्पीपणा. लग्नात बँड हवा, पण बँडवाला जावई नको. नौशादसाहेबांचा अभिमान हवा, पण घरातली पेटी माळ्यावर हवी.

या ईदला माहेरी गेले, तेव्हा शिडी लावून ती पेटी खाली काढली. भात्याला उंदरांनी भोके पाडली होती. अब्बांनी काही न बोलता चष्मा लावला, मशीनच्या खणातून रेक्झिनचा तुकडा काढला आणि मापे घेऊ लागले. शेवटी दर्जीच ते! अम्मी दार लावायला उठली. मी म्हटले, “अम्मी, राहू दे उघडे.”

यंदाच्या संमेलनाची यादी अजून व्हायची आहे. त्या मुलाच्या घरी मी पुन्हा जाणार आहे. या वेळी नौशादसाहेबांचा नव्हे, माझ्या अब्बांचा किस्सा सांगणार आहे.