अंगणातील दिवा

आमच्या धर्मगुरूनिवासाच्या अंगणात, पाण्याच्या टाकीलगत, पॉइन्सेटियाचे झाड आहे. धर्मग्रामातील एका मातेने दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ ते लावले. दर नाताळला त्याच्या लाल फांद्या गव्हाणीभोवती मांडल्या जात. २०२१ साली झाड हिरवेच राहिले. पुढील वर्षीही तेच. खत घातले, छाटणी केली, आणि अखेर वैतागून आम्ही झाड उपटावयास सांगितले. ती माउली काही बोलली नाही. कलमासाठी दोन फांद्या घ्यावयास आली, तेव्हा मात्र म्हणाली, "फादर, टाकीमागची ही एकच फांदी लाल आहे बघा. तिथे दिवा पोचत नाही."

तो दिवा आम्हीच लावविला होता; सायंकाळच्या रोझरीहून परतणाऱ्या स्त्रियांसाठी. पहाटेपर्यंत तो जळत असे.

झाड उपटणे थांबविले आणि आम्ही वाचावयास बसलो. अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलार्ड या शास्त्रज्ञांपुढे तंबाखूचा एक वाण होता. उन्हाळ्यात तो नुसताच उंच वाढे. हिवाळ्यात हरितगृहात मात्र फुले. उन्हाळ्यातच त्यांनी रोपे रोज दुपारनंतर अंधारात कोंडली, आणि ती फुलली. १९२० साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. पुढे १९३८ मध्ये हॅमनर व बॉनर यांनी एका काटेरी रानतणावर दाखविले की महत्त्व दिवसाच्या लांबीला नसून अखंड रात्रीला आहे. मध्यरात्री काही मिनिटे उजेड पडला, तरी फुलणे थांबते. पानांतील फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य हा उजेड टिपते. पॉलीहाऊसमध्ये शेवंती करणारे हेच जाणून रात्री दिवे लावून कळ्या लांबवितात, आणि काळे कापड ओढून त्या लवकर आणतात.

पॉइन्सेटियाही त्याच जातकुळीचा. लाल दिसतात ती पाने. खरी फुले मधोमध पिवळ्या मण्यांएवढी. रोज सुमारे १२ तासांहून अधिक सलग काळोख, तोही ८ ते १० आठवडे मिळाला, तर रंग भरतो. वसईकडे डिसेंबरअखेरीस रात्र १३ तासांची असते. निसर्गाने काही कमी केले नव्हते. प्रकाशावर आम्ही किती प्रवचने दिली असतील! काळोखाची बाजू कधी मांडली नाही.

दिवा विझविणे शक्य नव्हते. वाटेत साप निघतात. पत्र्याची झडप बसवून उजेड वाटेपुरता ठेवावा, असे ठरले. ऑक्टोबरच्या आरंभी करावयाचे ते काम आमच्या आळसामुळे २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये झाले. त्या नाताळला गव्हाणीभोवती कागदी फुलेच होती. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात झाड लालभडक झाले, तोवर गव्हाणी आवरली गेली होती.

माउली आली. पहिली फांदी तिने स्वतः कापली आणि कबरस्तानाकडे वळली. आम्ही टाकीपाशी उभे होतो. क्षमा मागावयाची राहूनच गेली.