वाटेवरचे मूळ

फाल्गुन लागला की बेळगावची हवा आठ-पंधरा दिवस मोठी प्रसन्न असते. पहाटेचा गारवा पुरता ओसरलेला नसतो आणि दुपारचे ऊनही अद्याप बोचू लागलेले नसते. ह्याच दिवसांत व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत आम्ही रोज फिरायला जाणारी मंडळी धावण्याची एक छोटी शर्यत भरवतो. देवीच्या रोगावरची लस एके काळी तयार होत असे, ती ही जागा. देवीचे जगातून उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने १९८० साली जाहीर केले. लशीचे काम संपले, नाव मात्र टिकले आणि झाडीही टिकली.

शर्यत पाच किलोमीटरची, अडीच किलोमीटरच्या दोन फेऱ्यांची. धावणारे अर्ध्या-पाऊण तासात मोकळे होतात. वाट तयार करण्यात आमचे दोन आठवडे जातात. प्रथम मोजणी. आमच्यापैकी एकाच्या जुन्या अठ्ठावीस इंची सायकलच्या आरीला लाल चिंधी बांधायची आणि चाकाचे फेरे मोजत चालायचे. एक फेरा म्हणजे सुमारे सव्वादोन मीटर. तेव्हा अकराशेच्या वर फेरे भरले की एक प्रदक्षिणा पुरी होते. वळणावर सायकल आतल्या कडेने न्यावी लागते, कारण धावणारा जवळची वाट सोडत नाही. मोजणारा मध्येच कोणाशी बोलला की आकडा चुकतो आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. त्यानंतर लोंबत्या फांद्या छाटणे, पावसाळ्यात पडलेल्या घळी तांबड्या मातीने बुजवणे, आणि शेवटी खराटे घेऊन पाचोळा झाडणे.

हे सारे आम्ही गेल्या वर्षीही मनापासून केले होते. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी वाट स्वच्छ झाडली, फक्कीने कडा आखल्या आणि समाधानाने घरी गेलो. रात्री वारा सुटला. सागाची सुपाएवढी पाने सकाळपर्यंत वाटेवर पुन्हा अंथरली गेली. त्यात पूर्वेकडे तोंड करून जाणारा एक टप्पा आहे. तिथे कोवळे ऊन झाडांच्या बुंध्यांमधून आडवे येते आणि पायांखाली उजेड-सावलीचे असे पट्टे पडतात की उंचवटा आणि सावली ह्यांतला भेद कळत नाही. आम्ही वाट पाहिली होती संध्याकाळी. धावायचे होते सकाळी.

दुसऱ्या फेरीत आमचे मास्तर त्या टप्प्यावर पडले. पाचोळ्याखाली आंब्याचे जाडजूड मूळ होते. उजवे मनगट मोडले. मास्तर चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. शर्यतीचे बाण आणि फलक दर वर्षी त्यांच्याच हातचे. हाड सांधले, पण मनगट पूर्वीसारखे वळेना. हळूहळू त्यांनी फिरायला येणेही सोडले. आम्ही त्यांच्या घरी जात होतो, चहा घेत होतो, हवापाण्याच्या गोष्टी करत होतो. झाडीचा विषय मात्र दोन्ही बाजूंनी निघत नसे.

यंदा तयारीच्या पहिल्याच दिवशी आमच्यात वाद झाला. एक पक्ष म्हणे, ते मूळ कुऱ्हाडीने काढून टाकू, कटकट मिटेल. दुसरा म्हणे, झाडाची अन्नपाणी शोषणारी मुळे मुख्यतः मातीच्या वरच्या हात-दीड हाताच्या थरातच पसरलेली असतात. आडवे जाड मूळ तोडले तर झाडाचा आधार जातो आणि पावसाळी वाऱ्यात एखादे दिवशी ते उन्मळून पडते. खरे सांगायचे तर पहिल्या पक्षाच्या रागात मुळाचा दोष थोडा आणि आमची टोचणी अधिक होती. कोणावर तरी कुऱ्हाड चालवल्याने आमचे ओझे हलके होणार होते.

शेवटी आम्ही मास्तरांकडे गेलो आणि प्रथमच तो विषय काढला. त्यांनी सारे ऐकून घेतले.

"झाड काय करणार? ते आपल्या जागी होतं की," ते म्हणाले. "पानं तुम्ही सकाळी काढायला पाहिजे होती."

वर्षभर जे वाक्य ऐकू येईल म्हणून आम्ही भीत होतो, ते असे साध्या आवाजात आले. आमच्यातील वडील गृहस्थ एवढेच म्हणाले, "चुकलं आमचं, मास्तर." त्यावर पुष्कळ वेळ कोणी बोलले नाही. मग आतून चहा आला.

शर्यतीच्या दिवशी पहाटे पाच वाजता आम्ही विजेऱ्या आणि खराटे घेऊन झाडीत शिरलो. यंदा पूर्वेकडचा तो टप्पा शेवटी झाडायचा, म्हणजे मधल्या वेळेत पाने पडायला नकोत, असे ठरले होते. तिथे पोचलो तेव्हा मास्तर एका मुळापाशी उकिडवे बसले होते. शेजारी कालवलेल्या चुन्याची बादली होती आणि डाव्या हातात घरे रंगवायचा रुंद कुंचला.

"ह्याला काय मनगट वळायला लागत नाही," मान वर न करता ते म्हणाले.

फलकांवरचे बाण यंदा शाळेतल्या एका मुलीने काढले होते. जरा वाकडे होते. मास्तरांनी ते पाहिले आणि तिला बोलावून बाणाचे टोक कुठे जाड करायचे ते सांगितले. सातच्या सुमारास धावणारे निघाले. आम्ही त्या आंब्यापाशी उभे राहिलो. आडवे ऊन आले, पट्टे पडले, आणि त्यांत ती पांढरी मुळे दुरून दिसत होती. दोन्ही फेऱ्या होईपर्यंत मास्तर मुलांना ओरडून सांगत होते, "पाय उचला, पाय उचला!"